मोत्याचा दागिना घेताना: आधी कूळ विचारा, मग पाणी पाहा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मोत्याचं मात्र शोधावंच लागतं. दिसायला जवळपास सारख्या असलेल्या दोन मोत्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असू शकतो आणि त्या फरकाचं कारण बहुतेक वेळा मोत्याच्या पोटात दडलेलं असतं. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या किंवा साधा एकपदरी सर घ्यायला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. फसगत होते ती बहुधा क्रम उलटा झाल्यामुळे: आधी टपोरेपणा डोळ्यात भरतो, मग घासाघीस सुरू होते आणि मोती कुठला, कसा झालेला, हे विचारायचं राहूनच जातं.

पायरी १: मोती कसा तयार झाला, हे विचारा

दुकानातला पहिला प्रश्न हाच असू द्या. याची उत्तरं तीनच असतात: नैसर्गिक, कल्चर किंवा नकली. "ओरिजिनल आहे", "खरा आहे" ही उत्तरं धरू नका. कल्चर मोतीही खराच असतो, त्यामुळे विक्रेता खोटं न बोलताही तुमचा गैरसमज होऊ शकतो.

नैसर्गिक मोती म्हणजे माणसाचा हात न लागता शिंपल्यात तयार झालेला. वाळूचा कण आत गेला की मोती होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण तसं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा एखाद्या परजीवीमुळे किंवा इजेमुळे शिंपल्याच्या आतल्या नाजूक आवरणाच्या काही पेशी शरीरात खोल ढकलल्या जातात. त्या पेशींची पिशवी बनते आणि ती आत थरावर थर चढवत राहते. हे थर म्हणजे अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म चकत्या आणि त्यांना धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य. शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा विकण्याजोगा एखादा मोती मिळे. दुर्मीळपणा येतो तो इथून.

आपल्याकडे नैसर्गिक मोत्याचं सर्वपरिचित नाव म्हणजे बसरा. हा मोती प्रत्यक्षात इराणच्या आखातातला. बहारीन, कुवेत, कतार या किनाऱ्यांवर पाणबुडे तो काढत आणि व्यापार बसऱ्यामार्गे होई म्हणून त्याला त्या बंदराचं नाव चिकटलं. तिथला माल मोठ्या प्रमाणावर मुंबईला येई. इथे त्याची चाळणी, वर्गवारी, विंधणी आणि ओवणी होऊन तो पुढे पॅरिसपर्यंत जाई. मग जपानी कल्चर मोती बाजारात आले, १९२९नंतरच्या जागतिक मंदीत मागणी बसली आणि १९३२ साली बहारीनला तेल सापडल्यावर माणसं तिकडे वळली. हा धंदा त्यातून पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. म्हणून आज बाजारात दिसणारा अस्सल बसरा मोती बहुतेक जुन्या दागिन्यांतून निघालेला असतो. एकसारख्या, शुभ्र, गोल, कोऱ्या मोत्यांचे ढीग "बसरा" म्हणून समोर आले, तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडेपर्यंत तो शब्द कानाआड करा.

कल्चर मोत्यात सुरुवात माणूस करून देतो, पुढचं काम शिंपलाच करतो. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती मिळवला. पूर्ण गोल मोत्याचं तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्यात एक गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा छोटा तुकडा बसवतात. हा मणी पारंपरिकरीत्या अमेरिकेतल्या नद्यांमधल्या जाड शिंपल्यांपासून बनवतात. मोत्याच्या पोटात काय आहे हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

नकली मोती काचेचे असतात, प्लॅस्टिकचे असतात आणि "शेल पर्ल" नावाचेही असतात. शेल पर्ल हे नाव फार फसवं आहे. शिंपल्याच्या भुकटीच्या किंवा तुकड्याच्या मण्यावर चमकदार रंगाचे थर दिलेले असतात. शिंपल्यात तो वाढलेला नसतो. नाटकात, नृत्यात किंवा रोजच्या धांदलीत घालायला नकली मोती घेण्यात काहीच वावगं नाही. फक्त भाव नकलीचाच द्या.

पायरी २: कल्चर असेल तर कुठल्या पाण्यातला?

आज नव्या दागिन्यांत सर्वाधिक दिसतो तो गोड्या पाण्यातला मोती, आणि तो बहुतांशी चीनचा. एका शिंपल्यात आवरणाचे अनेक तुकडे बसवतात, मणी घालत नाहीत. दोन्ही बाजू मिळून एका वेळी तीसचाळीस मोतीही निघतात. म्हणूनच तो स्वस्त. पण मणी नसल्यामुळे तो जवळजवळ पूर्ण मोत्याच्याच द्रव्याचा असतो आणि टिकायला चांगला. आकार तांदळासारखे, बटणासारखे, लंबगोल. खरोखर गोल दाणे थोडेच, त्यामुळे त्यांचा भाव वेगळा. पांढरा, पीच आणि जांभळट हे त्याचे अंगचे रंग. काळाकुट्ट गोड्या पाण्यातला मोती दिसला तर तो रंगवलेला किंवा किरणोत्सर्गाने काळा केलेला समजा. मणी घालून वाढवलेले मोठे गोड्या पाण्यातले मोतीही आता येतात. "एडिसन" या नावाने ते विकले जातात.

"हैदराबादी मोती" हा प्रकार नाही, ती बाजारपेठ आहे. चारमिनार परिसरात मोती विंधण्याचं, निवडण्याचं आणि ओवण्याचं कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. माल मात्र बहुतेक बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतो. कसबाचे पैसे जरूर द्या, मूळस्थानाचे म्हणून वेगळे देऊ नका.

अकोया हा जपानचा खाऱ्या पाण्यातला मोती, साधारण ६ ते ९ मिलिमीटरचा, गोल आणि आरशासारखा लखलखीत. एकपदरी सरासाठी याला तोड नाही. त्याचा कच्चा दुवा म्हणजे थराची जाडी. शिंपला लवकर उघडला तर मण्यावर मोत्याचा थर ०.२ मिलिमीटरसुद्धा नसतो आणि काही वर्षांच्या वापरात भोकाच्या कडेपासून तो निघू लागतो. ०.४ मिलिमीटर किंवा जास्त थर असेल तर निर्धास्त राहा. बहुतेक अकोया मोत्यांना विरंजन करतात, म्हणजे त्यांचा नैसर्गिक पिवळसरपणा घालवतात, आणि हलकी गुलाबी छटाही देतात. व्यापारात हे मान्य आहे.

दक्षिण समुद्रातला, म्हणजे साउथ सी मोती ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि म्यानमारचा. पिंक्टाडा मॅक्सिमा हा त्याचा शिंपला ताटाएवढा होऊ शकतो, त्यामुळे मोतीही ९ ते १६ मिलिमीटरपर्यंत जातो. पांढरा, चंदेरी आणि सोनेरी असे त्याचे रंग. थर जाड, चमक मऊ आणि खोल. गडद नैसर्गिक सोनेरी रंग सर्वांत महाग असल्यामुळे रंगवलेला सोनेरी मालही भरपूर फिरतो. ताहिती मोती फ्रेंच पॉलिनेशियातला, ८ ते १४ मिलिमीटरचा, करडा, हिरवट, जांभळट. नाव "काळा मोती" असलं तरी पूर्ण काळा क्वचितच असतो. शाईसारखा सपाट काळा, सगळे दाणे एकाच छटेचे आणि भाव बेताचा, असं दिसलं की रंग दिलेला आहे हे जवळपास नक्की.

दुकानात आणखी तीन शब्द कानावर येतील. बरोक म्हणजे वेडावाकडा मोती. केशी म्हणजे मणी नसलेला, योगायोगाने तयार झालेला छोटा दाणा. माबे म्हणजे शिंपल्याच्या भिंतीला चिकटून वाढलेला अर्धगोल मोती. माबे कापून, पोकळी भरून, मागे पातळ चकती लावून बंद केलेला असतो, त्यामुळे अंगठीत तो लवकर खराब होतो. कानातल्यात किंवा पदकातच घ्या.

पायरी ३: पाणी पाहा

मोत्याचं पाणी म्हणजे त्याचं तेज, आणि किमतीचा सर्वांत मोठा वाटा त्याचा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली कुठलाही मोती सुंदर दिसतो. सर उचला आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या. खाली पांढरं किंवा करडं, न चमकणारं कापड ठेवा. काळी मखमल पाणी वाढवून दाखवते.

आता मोत्यात पडलेलं प्रतिबिंब बघा. खिडकीच्या चौकटीच्या किंवा ट्यूबलाइटच्या कडा स्पष्ट, धारदार दिसल्या तर पाणी उत्तम. कडा विरघळलेल्या पण चमक आहे, तर मध्यम. नुसताच पांढरा डाग दिसला, तर मोती खडूसारखा आहे, आणि तो कितीही मोठा असला तरी खाली ठेवा. एकच सर बघून हे कळत नाही. वेगवेगळ्या भावांचे तीन सर शेजारी ठेवायला सांगा, फरक आपोआप समोर येईल.

मग सर सपाट टेबलावर हलकेच गडगडवा. जे दाणे लटपटतात ते गोल नाहीत किंवा त्यांचं भोक मध्यातून गेलेलं नाही. बारीक टिपके, एखादा खळगा चालतो. अगदी निर्दोष पृष्ठभागाचा आग्रह धरला तर त्याच पैशात पाणी कमी मिळेल, आणि तो सौदा तोट्याचा. भेगा, तडे आणि भोकाजवळ निघालेला थर मात्र अजिबात चालवून घेऊ नका. असे दोष वाढतच जातात.

एए, एएए अशी श्रेणी विक्रेते देतात. तिला सर्वमान्य मानक नाही. एका दुकानाचा एएए दुसरीकडे एए असू शकतो, म्हणून अक्षरांवर भाव ठरवू नका.

पायरी ४: आकार, वजन आणि जोड यांचा हिशोब

कल्चर मोती मिलिमीटरच्या मापाने विकतात. घाऊक व्यापारात मोमे हे जपानी वजन चालतं: १ मोमे म्हणजे ३.७५ ग्रॅम. नैसर्गिक मोत्याची रीत वेगळी. त्याचं वजन ग्रेनमध्ये घेतात (१ ग्रेन म्हणजे ५० मिलिग्रॅम, रत्नं तोलण्याच्या कॅरटचा पाव भाग), त्या आकड्याचा वर्ग करतात, म्हणजे त्याला त्यानेच गुणतात, आणि मग दराने गुणतात. मुंबईच्या मोतीबाजारातली "चव" ही जुनी मोजणीही वजनाच्या वर्गावरच चालते.

याचा अर्थ उदाहरणाने पाहा. १ ग्रेनचे दहा मोती घेतले तर किंमत दराच्या १० पट. १० ग्रेनचा एकच मोती, म्हणजे वजन तेवढंच, पण किंमत दराच्या १०० पट. ४ मिलिमीटरचा गोल मोती सुमारे १.८ ग्रेन भरतो आणि ८ मिलिमीटरचा सुमारे १४.५ ग्रेन. व्यास दुप्पट झाला, वजन आठपट झालं आणि या हिशोबाने किंमत ६४ पट झाली. मोठा नैसर्गिक मोती राजेरजवाड्यांकडेच का असायचा, ते या आकड्यांवरून समजतं.

जोड जमणं ही आणखी वेगळी दुर्मीळ गोष्ट. रंग, पाणी, आकार जुळणारे मोती सरात एकत्र आणायला निवडणारा शेकडो दाणे बाजूला टाकतो. बडोद्याच्या गायकवाडांच्या सातपदरी कंठ्यातले मोती घेऊन केलेला दोनपदरी हार, ६८ मोत्यांचा, २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. त्या रकमेत मोत्यांइतकाच जोडीचा आणि घराण्याचा भाग आहे. आपल्या पातळीवर याचा उपयोग असा: कुड्यांसाठी मोती घेताना दोन्ही बाजूंचे दाणे शेजारी ठेवून पाहा, आणि सरात मधले दहा-बारा दाणे एकसारखे असले की मानेमागचे थोडे कमी प्रतीचे असले तरी चालतील.

मोती मोजून घ्यायची सवय लावा. ७ मिलिमीटरच्या दाण्यांचा १८ इंची, गाठी मारलेला सर साठ-पासष्ट मोत्यांचा होतो. बराच कमी आकडा आला तर मध्ये सोन्याचे मणी किंवा लांब फासा किती आहे ते पाहा.

राशीसाठी अंगठीत मोती घेणाऱ्यांनी वजनाबाबत विशेष सावध राहावं. जुनी सोनारी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर रत्नांच्या बाजारात चालणारी पक्की रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची. "पाच रत्तीचा मोती" म्हणजे नेमका केवढा, यात दीडपट फरक पडतो. वजन कॅरटमध्ये सांगायला आणि तसंच बिलावर लिहायला लावा.

पायरी ५: भोकात डोकावा

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. मोत्याची सगळ्यात जास्त माहिती भोकाच्या कडेला मिळते.

नकली मोत्याच्या भोकाशी रंगाचा पापुद्रा उचकटलेला किंवा गोळा झालेला दिसतो आणि आत काच किंवा प्लॅस्टिक चमकतं. मणी घातलेल्या कल्चर मोत्यात भोकाच्या आत थर आणि मणी यांच्या सीमेवर गडद रेघ दिसू शकते. तीच थराची जाडीही सांगते. रंगवलेल्या मोत्यात भोकापाशी आणि खळग्यांत रंग गडद साचतो. जुन्या नैसर्गिक मोत्यांची भोकं बहुधा फार बारीक असतात, कारण विंधताना उडालेली भुकटी म्हणजे वजनाचं नुकसान. पण बारीक भोक हा पुरावा नव्हे, फक्त इशारा.

दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले की खऱ्याला किंचित खरखर जाणवते. काच-प्लॅस्टिक गुळगुळीत सरकतं. मात्र ही कसोटी फक्त खरा की नकली एवढंच सांगते. नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही सारखेच खरखरतात, त्यामुळे "घासून दाखवलं म्हणजे बसरा" हा दावा मानू नका. लिंबू, व्हिनेगर, मेणबत्ती यांच्या कसोट्या करूच नका. त्यात मोती नासतो आणि कळत काहीच नाही.

नैसर्गिक की कल्चर हे खात्रीने सांगायला क्ष-किरण तपासणी लागते. आतल्या थरांची रचना तिथेच दिसते. मुंबईत रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहेत. महागाचा सौदा असेल तर "अहवाल नैसर्गिक आला तरच व्यवहार" ही अट आधीच, लेखी घाला.

पायरी ६: बिल

बिलावर मोत्याचं वर्णन पूर्ण हवं: नैसर्गिक की कल्चर, गोड्या की खाऱ्या पाण्यातला, रंग दिलेला आहे का, माप, संख्या आणि कॅरट वजन. नुसतं "मोती" लिहिलेलं बिल पुढे काही कामाचं नाही.

सोन्यात जडवलेल्या दागिन्यात आणखी एक गोष्ट पाहा. हॉलमार्क आणि त्यासोबत दागिन्यावर कोरलेला एचयूआयडी हा ओळख क्रमांक सोन्याच्या शुद्धतेबद्दल सांगतात, मोत्याबद्दल एक अक्षरही सांगत नाहीत. सोन्याचं निव्वळ वजन बिलावर वेगळं दाखवलेलं असलं पाहिजे. एकूण वजनावर सोन्याचा दर लावला तर मोत्याचं वजन सोन्याच्या भावाने गेलं. तन्मणी, चिंचपेटीसारख्या मोतीबहुल दागिन्यांत ही रक्कम मोठी होते.

घरातला जुना दागिना मोडायला काढत असाल तर तिथे हाच हिशोब उलटा होतो. मोड घेताना सोन्याचंच वजन धरतात आणि मोती काढून बाजूला टाकतात. आजीच्या नथीतले पिवळसर, थोडे वाकडे, झिजलेले दाणे बसऱ्याचे असू शकतात. मोती आधी काढून घ्या, तपासून घ्या, मगच सोनं मोडा.

पायरी ७: वापर आणि गाठवणं

मोती नखापेक्षा थोडाच कठीण असतो आणि आम्लाने विरघळतो. घाम, अत्तर, केसांचा स्प्रे, लोणच्याचा हात हे सगळे त्याचे शत्रू. साडी, मेकअप, अत्तर सगळं आटोपल्यावर मोती शेवटी घाला आणि आल्यावर सर्वांत आधी काढा. मऊ, किंचित ओल्या सुती कापडाने पुसा आणि वाळू द्या. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, सोनाराकडचं अल्ट्रासॉनिक यंत्र हे सगळं वर्ज्य. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, फार कोरड्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षंही नको. मलमलीत गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा, कारण शेजारच्या हिऱ्याचा किंवा सोन्याच्या कोपऱ्याचा ओरखडा कायमचा राहतो.

सर नेहमी वापरात असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्या. रेशीम काळवंडलं किंवा दोन मोत्यांच्या मध्ये दोरा दिसू लागला, तर मुदतीची वाट पाहू नका. प्रत्येक मोत्यामागे गाठ हवीच: दोरा तुटला तर एकच दाणा पडतो, आणि दाणे एकमेकांवर घासून भोकाच्या कडा झिजत नाहीत. नायलॉनचा लवचिक दोरा चालत नाही, तो ताणला जातो. गाठवायला देण्याआधी मोती मोजा, सर मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, वजन करून पावतीवर लिहून घ्या. शक्य असेल तर काम होईपर्यंत तिथेच बसा. एका सराला तासा-दीड तासाहून जास्त वेळ सहसा लागत नाही.